दुधाला फॅट, पाण्याला काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात 'पाणीपुरवठा संस्था' असा बोर्ड दिसला, तर तिथं प्यायच्या पाण्याची चौकशी करू नका. ती उसाची संस्था असते. नदीकाठी जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून माळाकडं चढलेली पाईपलाईन, सभासद, चेअरमन, सचिव, पाळीनं पाणी फिरवणारा पाटकरी आणि एकरी पट्टी असा तिचा संसार. भोगावती, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, वारणा यांच्या काठांवर अशा सहकारी उपसा संस्था कितीतरी वर्षं चालू आहेत. त्यांत भांडणं होतात, निवडणुकीत भाऊबंद एकमेकांचं तोंड बघत नाहीत, उपसाबंदी लागली की बोंबाबोंब होते. पण पाणी फडात पोचतं. मोटर जळाली तर चार दिवसांत ती रिवाइंडिंग होऊन परत बसते, कारण ऊस वाळताना सगळ्यांना दिसतो.

त्याच गावात, त्याच नदीतून, कधी कधी त्याच जॅकवेलच्या शेजारून प्यायच्या पाण्याची नळयोजना निघते, आणि तिची मोटर जळाली की तीच माणसं पारावर बसून म्हणतात, "पंचायतीनं बघावं की."

मला या फरकाबद्दल बोलायचं आहे. गावानं आपली पाणीयोजना आपण चालवावी, हे सरकारनं आजवर अनेक नावांनी सांगून पाहिलं. २००२ साली स्वजलधारा आली, पाठोपाठ महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या मदतीचं जलस्वराज्य आलं, आणि १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून जलजीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक वेळी लोकसहभाग हा शब्द होता आणि लोकवर्गणीही होती. आणि प्रत्येक वेळी अपयशाचं खापर फोडायला एक वाक्य तयार होतं : "लोकांना जाणीव नाही." हे वाक्य कोल्हापुरात तरी कुणी उच्चारू नये. इथला शेतकरी साखर उतारा दशांशात सांगतो. एफआरपीचं, म्हणजे उसाच्या किमान दराचं, गणित त्याला तोंडपाठ असतं. सामूहिक व्यवहार कसा चालवायचा हे या जिल्ह्याला शिकवायला कुणी बाहेरून यावं लागत नाही. प्रश्न आहे तो इतकाच, की हे सगळं शहाणपण पिण्याच्या पाण्याच्या दारात आल्यावर चप्पल काढून बाहेर का थांबतं?

सकाळी सहाला आमच्या गावच्या दूध संस्थेत चला. बायका-माणसं किटल्या घेऊन रांगेत असतात. दूध काट्यावर जातं, नमुना यंत्रात जातं, फॅट किती लागली आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, किती आली ते आकडे समोर उमटतात, चिठ्ठी हातात पडते. संध्याकाळी परत तेच. म्हशीची फॅट अर्ध्या पॉइंटनं कमी लागली तर मालकीण सचिवाला धारेवर धरते. दहा दिवसांनी बिल, दिवाळीला फरक बिल. जिल्हा दूध संघ १९६३ साली उभा राहिला, तेव्हापासून दोन-तीन पिढ्या या मोजमापात वाढल्या आहेत. हे मोजमाप मुळात कशासाठी, तर दुधात पाणी घातलंय का ते कळावं म्हणून. म्हणजे दुधात पाणी किती, हे आमचं गाव दिवसातून दोनदा तपासतं. पाण्यात काय आहे, हे मात्र कावीळ झाल्यावर विचारतं.

खरं तर पाण्याची रोजची तपासणी दुधापेक्षा सोपी आहे. नळाचं पाणी एका नळीत घ्यायचं, ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. क्लोरोस्कोपवर, म्हणजे रंगांच्या पट्टीवर, रंग जुळवला की आकडाही कळतो. गावाच्या शेवटच्या नळाला लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे, एवढी ती कसोटी. दोन मिनिटांचं काम. नळ्यांची पेटी पंचायतीत असते, पाच बायकांना प्रशिक्षण द्यावं असं जलजीवनचे नियमही सांगतात. आमच्या गावात ती पेटी कपाटात आहे, कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडं आहे आणि ग्रामसेवकाकडं तीन गावं आहेत.

आमच्या काकी जलस्वराज्यच्या काळात पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्य होत्या. समितीत निम्म्या बायका हव्यात असा नियम, म्हणून बायकांची नावं हवी होती. काकींना हे कधी कळलं? योजना होऊन पाच वर्षांनी, ऑडिटच्या वेळी कुणीतरी रजिस्टर घेऊन घरी आलं तेव्हा. "आता गं बया, मी कवा मेंबर झाले?" असं त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. लोकवर्गणीचंही तसंच. आमच्याकडं ती ठेकेदारानंच भरली असं सगळे म्हणतात. निदान आमच्या घरातून कुणी रुपया दिलेला नाही हे मी खात्रीनं सांगतो. तरीही कागदावर आमचं गाव त्या योजनेचं मालक होतं. उंच टाकी तिसऱ्या वर्षी गळायला लागली तेव्हा मालक शोधायला गेलो तर कुणी सापडेना.

याच काकी दूध संस्थेच्या वार्षिक सभेत उठून विचारतात, "पशुखाद्याचं कमिशन कुठं गेलं?" तिथं त्यांना कुणी सदस्य 'केलं' नव्हतं. शेअर घेतला होता, रोज दूध घातलं होतं, चिठ्ठ्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. योजनेच्या खर्चाची दहा टक्के वर्गणी दिली म्हणजे सहभाग झाला, ही सरकारी समजूत इथंच फसते. सहभाग वर्गणीनं येत नाही, रोजच्या आकड्यानं येतो. आकडा दिसला की माणूस भांडायला लागतो, आणि भांडायला लागला की योजना त्याची होते. उपसा संस्थेत आणि दूध संस्थेत हेच घडलं. नळयोजनेत आकडा कुणालाच दिसत नाही. टीसीएल, म्हणजे पाण्यात घालायची ब्लीचिंग पावडर, किती आणलं, मोटर किती तास चालली, लाईट बिल किती आलं, पट्टी किती जमली, यातलं काहीही पारावर येत नाही. पारावर येतं ते एवढंच, की आज पाणी आलं नाही.

इथं एक सावधगिरी बाळगायला हवी, नाहीतर सहकाराच्या गुणगानात वाहून जायला आम्हा कोल्हापूरकरांना वेळ लागत नाही. संस्था सभासदाची असते. ज्याला जमीन आहे तो उपसा संस्थेचा सभासद, ज्याच्या गोठ्यात जनावर आहे तो दूध संस्थेचा. भूमिहीनाला, वस्तीवरच्या घराला, गळिताच्या चार-पाच महिन्यांसाठी बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीला, वीटभट्टीवरच्या बिऱ्हाडांना त्यात जागा नाही. प्यायच्या पाण्याला हा सभासदाचा हिशेब लावला तर अनर्थ होईल. शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसाठी खुले करण्याचा हुकूम काढला, तो याच मातीत. पाणी गावकीच्या मेहरबानीवर सोडलं तर काय होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी जेव्हा 'दूध संस्थेसारखं चालवा' म्हणतो, तेव्हा मला तिची वही, तिचं माप आणि तिची रोजची चिठ्ठी हवी असते. शेअर नको. पाण्यावर हक्क गावात राहणाऱ्या प्रत्येकाचा, आणि टोळीच्या पालावर राहणाऱ्याचाही. योजनेचा आराखडा जनगणनेतल्या डोक्यांवर होतो, टोळी त्यात नसते. ती शेताकडेच्या उपसा लाईनच्या गळतीवर कळशी भरते. तेच नदीचं कच्चं पाणी, कुठलंही औषध न घातलेलं.

आता पैशाची गोष्ट, कारण ती टाळून या विषयावर बोलणं लबाडी आहे. नळयोजना बंद पडते ती बहुतेक वेळा लाईट बिलामुळं. बिल थकतं कारण पट्टी थकते. पट्टी थकते कारण पंचायतीची निवडणूक असते आणि वसुलीला गेलेला सदस्य पुढच्या वेळी पडतो. उपसा संस्थेची पट्टी का थकत नाही? ती कारखान्याच्या ऊस बिलातून परस्पर कापली जाते म्हणून. पाण्याची पट्टी अशी कशातून कापणार, आणि ज्याच्याकडं ऊसच नाही त्याचं काय? तेव्हा तो मार्ग नाही. पण "गरिबाकडून पाण्याचे पैसे कसले घेता" हे जे सभेत टाळ्या घेणारं वाक्य आहे, त्याचा हिशेब एकदा मांडून बघा.

पाच माणसांचं घर धरा. माणशी ५५ लिटर हे जलजीवनचं प्रमाण. दिवसाला २७५ लिटर, महिन्याला सव्वाआठ हजार लिटर. समजा पट्टी महिना १०० रुपये. म्हणजे लिटरला सव्वा पैसा. ही पट्टी जड वाटते म्हणून ओरड होते, नळाचं पाणी भरवशाचं नाही म्हणून घरोघर वीस लिटरचा जार येतो, दहा रुपये जार धरला तरी लिटरला पन्नास पैसे. सव्वा पैशाला नाही म्हटलं आणि चाळीस पट दर हसत दिला. ज्याला जार परवडत नाही तो नळाचंच पितो, जसं येईल तसं. पट्टी माफ करून गरिबाचं भलं झालं असं मला कुठं दिसलेलं नाही. योजना मोडली की पैसेवाल्याच्या घरी बोअर आणि आरओ असतो, उरलेलं गढूळ पाणी कुणाच्या वाट्याला जातं ते सांगायला नको. खरोखर ज्याला देता येत नाही त्याची पट्टी ग्रामसभेनं नावानिशी माफ करावी आणि तीही वहीत लिहावी.

जारबद्दल आणखी एक. शिरोळकडच्या क्षारपड भागात पाणी मचूळ आहे, तिथं आरओची गरज समजू शकतो. पण आरओचं यंत्र जेवढं पाणी देतं जवळपास तेवढंच, कधी त्याहून जास्त, गटारात सोडतं. कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉईड थांबवायला आरओ लागत नाही. नीट घातलेलं टीसीएल लागतं.

या टीसीएलवर मी थोडा रेंगाळणार आहे. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम हे आरोग्य खात्यानं वर्षानुवर्षं गावोगाव सांगितलेलं माप. पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, निदान अर्धा तास थांबायचं, मग पाणी सोडायचं. एवढंच. पण हे करणारा माणूस कोण? आमच्याकडं पाणी सोडणारे तात्या आहेत. पहाटे चारला उठून मोटर चालू करायची, सात गल्ल्यांचे व्हॉल्व्ह फिरवायचे, लाईट गेली तर दुपारी परत यायचं, गळती काढायची, पट्टीच्या नोटिसा वाटायच्या, शिवाय झेंडावंदनाला खुर्च्या मांडायच्या. पगार तीन-तीन महिने थकतो. पट्टी जमली तर पगार, असा त्यांचा करार. उपसा संस्थेचा पाटकरी यांच्यापेक्षा बरा, त्याला निदान सुगीला चार पोती भात तरी मिळतं. तात्यांना मी एकदा विचारलं, टीसीएल किती घालता? त्यांनी ओंजळ दाखवली. "येवढं. वास मारला की बायका शिव्या देत्यात, न्हाई मारला की डॉक्टर." पोतं पंचायतीच्या मागच्या खोलीत तोंड उघडं ठेवून पडलेलं होतं. ओलीत आणि उघड्यावर पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली आला की ती पावडर कामाची राहत नाही. म्हणजे तात्यांची ओंजळ कधी औषध असते, कधी नुसता चुना.

जलजीवनमध्ये पाईपवर, टाकीवर, नळाच्या तोटीवर किती पैसा गेला ते बघा आणि तात्यांवर किती गेला ते बघा. २०२४ पर्यंत प्रत्येक घरी नळ हे उद्दिष्ट होतं, आता मुदत २०२८ पर्यंत गेली आहे. नळ मोजले जातात. नळ चालवणारा मोजला जात नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. त्यातून गावानं काय केलं हे विचारायचं ठिकाण ग्रामसभा, आणि ग्रामसभेला कोरमअभावी तहकुबीची सवय. एका नव्या टाकीचं उद्घाटन कमी करून पाच गावांत मिळून एक शिकलेला फिटर आणि प्रत्येक गावाला वेळेवर पगार मिळणारा पाणी सोडणारा ठेवा, असं मी म्हटलं तर कुठलाही पुढारी हो म्हणणार नाही. पगाराची फीत कापता येत नाही.

पश्चिमेकडं जरा वेगळं चित्र आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. जिल्ह्यातला धोधो पाऊस इथला, आणि एप्रिल-मेमध्ये डोक्यावर घागरीही इथल्याच. वर जांभ्याचा सडा म्हणजे उघडं खडकाळ पठार, खाली काळा कातळ. पाणी जांभ्यातून झिरपतं आणि कड्याच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतं. अशा धनगरवाड्यांवर झऱ्याला छोटी टाकी बांधून सायफननं पाणी खाली आणलेलं असतं. ना मोटर, ना डीपी, ना लाईट बिल. पाईप फुटला तर वाडीतलेच दोघे जाऊन रबर गुंडाळून येतात. माझ्या मते गावानं चालवलेली योजना म्हणजे काय हे बघायचं असेल तर या वाड्यांवर जावं. कुणी समिती केली नाही तरी ती चालते, कारण ती माणसांच्या आवाक्यातली आहे. तिचं भय वेगळंच आहे : झऱ्याच्या डोक्यावरचा सडा खाणीला गेला किंवा वरचं रान तुटलं, की झरा आटतो, आणि मग टँकर. तिथं वाडीला हवा आहे तो झऱ्याच्या वरच्या रानावर बोलण्याचा अधिकार.

आणि इथंच माझा स्वतःचा मुद्दा अडखळतो, ते लपवत नाही. गावानं सगळं नीट केलं, वही ठेवली, ओटी टेस्ट केली, पट्टी भरली, तरी नदी गावाच्या हद्दीत सुरूही होत नाही आणि संपतही नाही. कोल्हापूर शहरानं काळम्मावाडीच्या धरणातून पन्नास किलोमीटरहून लांब थेट पाईपलाईन आणली. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोचलं. शहराचं सांडपाणी मात्र जयंती नाल्यासारख्या वाटांनी वर्षानुवर्षं पंचगंगेतच गेलं आहे. शहराचं पाणी वरचं झालं, खालच्या गावांचं पाणी शहराच्या मागचंच राहिलं. उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की प्रवाह थांबतो, पाणी काळं पडतं. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच ही बातमी दरवर्षी नवी म्हणून छापली जाते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. तिथून पुढं इचलकरंजी चांगलं पाणी मागत फिरते आहे. वारणेचं मागितलं तर दानोळीकर आडवे आले, दूधगंगेचं सुळकूडहून मागितलं तर कागलकडचे. आडवे येणाऱ्या गावांना दोष देणं सोपं आहे. उद्या आपली नदीही आटेल ही त्यांची भीती खोटी नाही. पण यात एक मजेशीर गोष्ट घडते : पंचगंगा साफ करा, ही मागणी हळूहळू सगळेच सोडून देतात आणि दुसऱ्याच्या नदीकडं बोट दाखवतात.

म्हणून 'समुदायानं चालवावं' या घोषणेचा मी भक्त नाही. गावाच्या टाकीपासून नळापर्यंतचं काम गावाचं, ते गावाला जमतं आणि गावानंच करावं. टाकीच्या वर, जॅकवेलच्या वर, जे काही आहे ते सरकारचं, महापालिकेचं, प्रदूषण मंडळाचं, कारखान्यांचं काम आहे. लोकसहभागाच्या नावाखाली हे वरचं ओझं गावाच्या डोक्यावर सरकवणं चालू आहे, आणि ते गोड शब्दांत चालू असल्यामुळं लक्षात येत नाही. २०१९ च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट. जॅकवेल बुडाल्या, डीपी बुडाले, आणि पाण्यानं वेढलेल्या गावांत प्यायचं पाणी होडीतून न्यावं लागलं. दोन वर्षांनी, २०२१ ला, परत तेच. नव्या योजनांच्या मोटरी आणि पॅनेल पूररेषेच्या वर घ्यायचं हे गावच्या समितीनं ठरवायचं की अभियंत्यानं? समितीला विचारा जरूर. पूर कुठवर आला होता हे तिला अभियंत्यापेक्षा चांगलं माहीत आहे, घरांच्या भिंतींवर अजून रेषा आहेत. पण खर्च तिच्या वर्गणीतून मागू नका.

गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेत मी एक साधा प्रस्ताव मांडला. दूध संस्थेच्या भिंतीवर फळा आहे, त्यावर रोज गाय-म्हशीचे दर लिहितात. गावातलं प्रत्येक घर नसलं तरी निम्म्याहून जास्त घरं तिथं दिवसातून दोनदा येतात. त्या फळ्यावर खाली एक ओळ वाढवा : आजचा क्लोरीन, शेवटच्या नळाचा. ओटी टेस्ट बचत गटातल्या बायकांनी आळीपाळीनं करावी, आठवड्यातून एकदा ती चाचणी वस्तीतल्या आणि टोळीच्या पालावरच्या पाण्याचीही करावी, आणि महिन्याच्या एक तारखेला त्याच फळ्यावर लाईट बिल, टीसीएलचा खर्च आणि जमलेली पट्टी लिहावी. तात्यांचा पगार झाला की नाही हेही.

मागून कुणीतरी ओरडलं, "पाण्याला काय फॅट लागत्या व्हय?" सभा हसली. मीही हसलो. काकी मात्र उठल्या आणि म्हणाल्या, लिहा की, बघू तरी काय लागतंय ते. प्रस्ताव मंजूर झाला, इतिवृत्तात नोंद झाली. दूध संस्थेचे चेअरमन म्हणाले, फळ्यावर जागा आहे, आमची हरकत नाही. खडू तेवढा पंचायतीनं द्यावा. सरपंच म्हणाले, खडूची तरतूद बघून सांगतो.